दुर्लक्ष करून दमलात ना?

या आठवड्याचं पत्र, थोडं कापून:

‘ताई, पत्र लिहायला तसं मोठं कारण नाही. मला कुणी छळत नाही, कुणी फसवलेलं नाही. पण माणसं डोक्यात जातात. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा मुलगा दिवसभर पेनाचं बटण टिकटिक करत असतो आणि फोनवर बोलायला लागला की अख्ख्या मजल्याला ऐकू जातं. घरी परतताना वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात गाठतात. निवृत्त आहेत, एकटे असतात, त्यांचं मन मोडवत नाही. खांद्याला लॅपटॉप, दोन्ही हातांत पिशव्या आणि मी अर्धा तास कठड्याला टेकून त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऐकत उभी. थोरल्या जाऊबाईंना काहीही सांगा, त्यांच्याकडे ते आधीच आणि जास्त झालेलं असतं. मला ताप आला तर त्यांना टायफॉइड होऊन गेलेला असतो. नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर. चार वर्षं तेच करतेय. रोज रात्री मैत्रिणीला फोन करून मन मोकळं करते, तेवढंच जरा बरं वाटतं. पण गेल्या आठवड्यात काकांच्या तावडीतून सुटून घरात शिरले, मुलाने विचारलं, “आई, माझी कंपासपेटी बघितलीस का?” आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की समोरचं दार उघडलं. तो काहीच बोलला नाही. दप्तर उचलून आत गेला. मी चिडकी झालेय का, ताई?
— जिन्यात अडकलेली’

प्रिय जिन्यात अडकलेली,

‘मोठं कारण नाही’ अशी जवळजवळ माफी मागतच तुम्ही सुरुवात केलीत. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. तुम्ही भांडला असतात, चार माणसं तुमच्या बाजूने उभी राहिली असती, काय तो निकाल लागला असता. पेनाच्या टिकटिकीची तक्रार घेऊन कुणाकडे जायचं? नुसती तोंडातून काढली तरी आपलंच मन कोतं वाटायला लागतं. मग आपण ती गिळतो, आणि एवढीशी होती म्हणून पचली असं धरून चालतो.

चिडकी झालात का, याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. तुमचा हिशेब मात्र चुकतोय. तुम्ही एका टिकटिकीसमोर तुमचा सगळा राग ठेवून बघताय आणि ‘एवढ्याशाचा एवढा राग?’ म्हणून स्वतःलाच बोल लावताय. राग त्या एका टिकटिकीचा नाहीच. मायकल कनिंगहॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अशा बारीकसारीक त्रासांना ॲलर्जीची उपमा दिली आहे. धूळ पहिल्यांदा नाकात जाते तेव्हा काही होत नाही. मग एखादी शिंक येते. पुढे पुढे चिमूटभर धुळीनेही डोळे सुजतात. धूळ तेवढीच असते, अंग बदललेलं असतं. त्या मुलाचं पेन चार वर्षांपूर्वी जेवढं वाजत होतं तेवढंच आजही वाजतंय. फक्त आता ते नुसतं हातात घेतलेलं दिसलं तरी तुमचे खांदे वर जात असणार.

आता तुमची यादी पुन्हा बघा. शेजारचं टेबल, वरचा मजला, सासरचं घर. लांबचं एकही माणूस नाही. १९७६ साली एब एबसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका निवासी संकुलात लोकांना विचारलं होतं, तुमचे मित्र कोण आणि न आवडणारी माणसं कोण? मित्र जवळपासच राहणारे निघाले. जवळ राहिलं की मैत्री होते हे तोवर माहीत होतंच. पण नावडती माणसं मित्रांपेक्षाही जवळ राहणारी निघाली. कारण साधं आहे. मित्र आपण निवडतो, त्यासाठी चार पावलं जास्त चालतो. जो नकोसा होतो तो मात्र आपल्या दारातली, भिंतीपलीकडची, रोजच्या वाटेवरची शांतता बिघडवतो, आणि ती बिघडवायला त्याला जवळच असावं लागतं. निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात. निंदकाचं माहीत नाही, पण डोक्यात जाणाऱ्या माणसाचं घर शेजारी असतंच.

म्हणजे तुमच्या वाट्याला वाईट माणसं आली असं काही झालेलं नाही. (वाईट माणसंही असतात. मुद्दाम पाण्यात पाहणारी, घाबरवणारी, अंगचटीला येणारी. त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाहीये, तिथे या सदराचा सल्ला पुरणार नाही. लेखी तक्रारच हवी.) तुमच्याकडे आहेत ती साधी, जवळची, स्वतःच्या सवयींचा पत्ता नसलेली माणसं. आणि तुमच्याकडे आहे नवऱ्याने दिलेला सल्ला, दुर्लक्ष कर.

या सल्ल्यावर माझा जुना राग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अनेक वर्षांपूर्वी मी राहायचे त्या घराच्या बरोबर वर कुणीतरी रात्री अकरानंतर खुर्ची ओढायचं. एकदाच. खर्रर्र, आणि मग शांत. एवढ्यावरून कुणाच्या दारात जायचं का? मी दुर्लक्ष करायचं ठरवलं. म्हणजे काय केलं, तर साडेदहाला दिवा मालवून अंधारात ती खुर्ची कधी ओढली जातेय याची वाट बघत पडून राहिले. अकरा वाजून गेले आणि खुर्ची वाजली नाही तर झोप लागायच्या ऐवजी जास्तच उडायची. आठ महिने असं दुर्लक्ष केलं. मग एका रात्री गाऊनवर शाल गुंडाळून वर गेले आणि दार उघडणाऱ्या माणसाला जे काही बोलले ते आठवलं की आजही कान तापतात. परीक्षेचा अभ्यास करणारा पंचविशीचा मुलगा होता. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या मोज्यांचे तुकडे करून खुर्चीच्या चारही पायांना बांधले. मला जिन्यात भेटला तेव्हा त्यानेच सांगितलं, ‘बांधलेत’. एवढंच. पुढची दोन वर्षं तो माझ्याकडे बघून हसला नाही. आवाज बंद व्हायला एक मोजा पुरला. नातं मात्र बिघडलं, आणि ते माझ्या आठ महिन्यांच्या समजूतदारपणाने बिघडलं. पहिल्याच आठवड्यात गेले असते तर शालही लागली नसती आणि आवाजही चढला नसता.

बोलायची वेळ राग यायच्या आधीची असते, हे मी तेव्हा शिकले. राग आल्यावर आपण बोलतो ते खुर्चीबद्दल राहतच नाही, माणसाबद्दल होऊन बसतं.

दुर्लक्षाबद्दल आणखी एक. १९७०च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी माणसांना गोंगाटात बसवून कामं करायला लावली. केव्हा येईल सांगता येत नाही असा मोठा आवाज अधूनमधून व्हायचा. काहींना एक बटण दिलेलं होतं. फारच असह्य झालं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच सोसला. आणि आवाज चालू असताना सगळ्यांची कामंही बऱ्यापैकी नीट झाली. फरक पडला तो नंतर, सगळं शांत झाल्यावर. ज्यांच्याजवळ बटण नव्हतं त्यांनी पुढची कोडी लवकर सोडून दिली, मुद्रितं तपासताना जास्त चुका केल्या. ज्यांनी बटण नुसतं हाताशी ठेवलं होतं त्यांचं तसं झालं नाही.

ही हकिगत वाचली की मला तुमच्या मुलाची कंपासपेटी आठवते. दिवसभर तुम्ही काम नीट केलंत. जिन्यात काकांशी हसून बोललात. सोसताना काहीच झालं नाही. दार लावून घरात आलात, शांत झालं, आणि तिथे तोल गेला. तुम्हाला वाटतं तसा तो चिडकेपणा नव्हे. दिवसभर हाताशी एकही बटण नसण्याची ती किंमत होती, आणि ती भरायला नेमका पुढ्यात मुलगा आला.

तेव्हा माझा सगळा सल्ला एवढाच आहे की तुमच्याजवळ बटण असू दे. रोज दाबू नका हवं तर. पण असू दे.

आधी ऑफिस, कारण ते सगळ्यात सोपं आहे. उद्या सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, पेन वाजत नसताना त्याच्याकडे जा. वाजत असताना नको, तेव्हा तुमच्या आवाजात धार येईल. म्हणा, ‘अरे, ऐक ना, तुझ्या लक्षातही येत नसेल, पण तू विचार करताना पेनाचं बटण दाबत असतोस. माझं लक्ष सारखं तिकडे जातं. टोपणाचं पेन वापरशील का?’ बास. ‘सगळ्यांनाच त्रास होतो’ असं म्हणू नका. अख्ख्या मजल्याने आपल्याबद्दल चर्चा केली हे ऐकून कुणाचाही चेहरा पडेल. ‘गेली चार वर्षं’ हा शब्द तर तोंडातून काढूच नका. ती चार वर्षं तुमची आहेत, त्याला कालपर्यंत कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तो ओशाळून ‘सॉरी, सॉरी’ म्हणेल तेव्हा लगेच पुढचं विचारा, ‘सवय आहे, एका दिवसात जाणार नाही. परत सुरू झालं तर सांगू ना?’ तो हो म्हणणारच. तिसऱ्या दिवशी टिकटिक पुन्हा सुरू होणार, हेही नक्की. पण आता ‘ए, पेन’ एवढंच म्हणायचा परवाना तुमच्याजवळ आहे. हे तुमचं बटण.

फोनचं त्याच दमात सांगू नका, महिनाभर थांबा. एका वेळी एक. पण फोनच्या बाबतीत एक गंमत सांगते, म्हणजे तुमचा स्वतःवरचा संशय जाईल. दोन माणसं शेजारी बसून गप्पा मारत असली तर आपण काम करू शकतो, एकच माणूस फोनवर बोलत असला तर नाही. लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे तपासलं. संभाषणाची एकच बाजू कानावर पडली की लक्ष जास्त विचलित होतं, कारण पुढचं वाक्य काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही आणि डोकं रिकाम्या जागा भरत बसतं. म्हणजे ‘हो... नाही... अगं पण कधी?’ हे ऐकून तुमचं काम थांबतं ते तुम्ही भोचक आहात म्हणून नव्हे. हेही त्याला सांगता येईल, हसत: ‘एक तर हळू बोल, नाहीतर पलीकडचं माणूस काय म्हणतंय तेही मला सांगत जा.’

कुणी म्हणेल, आपण सांगितलं तर त्याला वाईट वाटेल. वाटेल. मी लिहिताना प्रत्येक वाक्य पुटपुटत लिहिते, हे मला घरच्यांनी सांगितलं तेव्हा त्यांना ते ऐकायला लागून तीन वर्षं झाली होती. मला पुटपुटण्याचं काही वाटलं नाही. ती तीन वर्षं लागली मनाला. एवढे दिवस ही माणसं माझ्याशी गोड बोलत होती आणि आतून दात खात होती?

आणि एक खुलासा, तुम्हाला लागू असला तर. काहींना ठरावीक आवाज, म्हणजे पेनाची टिकटिक, दुसऱ्याचं चावणं, श्वास, ऐकला की कपाळाला आठी पडण्यावर भागत नाही. छाती धडधडते, तिथून पळून जावं किंवा काहीतरी फेकून मारावं असं वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात. २००१ मध्ये मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या संशोधक जोडप्याने हा शब्द वापरात आणला. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. पण असेल तर दोष ना त्या मुलाचा ना तुमचा, आणि श्रवणतज्ज्ञाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्यात अर्थ आहे.

आता काका. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला माणूस, खरं सांगायचं तर.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ‘कठड्याला टेकून’ ऐकत उभ्या असता. तुम्ही टेकता का? दमून टेकता, हे मला कळलं. काकांना कसं कळावं? घाईत असलेलं माणूस टेकत नाही. टेकलेलं माणूस म्हणजे बसायला जागा नाही म्हणून उभं राहिलेलं, गप्पांना तयार माणूस. तुम्ही ‘बरं’ म्हणता, ‘हो का’ म्हणता, पिशवी या हातातून त्या हातात घेता, आणि तुम्हाला वाटतं की तुम्ही किती इशारे दिलेत. १९७३ मध्ये इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी एक निबंध लिहिला होता, केवळ एवढ्याच विषयावर की संभाषण संपतं कसं. त्यांचं म्हणणं, ते आपोआप संपत नाही, दोघांनी मिळून ते संपवावं लागतं. एक जण ‘बरं मग’ असा पास देतो, म्हणजे माझ्याकडे नवीन काही नाही, तुझ्याकडे आहे का? दुसऱ्याने ‘चला’ म्हटलं की दार बंद. पण दुसऱ्याला हक्क असतो, त्या रिकाम्या जागेत नवा विषय ढकलायचा. तुमच्या प्रत्येक ‘बरं’ला काका तेच करतायत. तुम्ही दार लावायला जाता, ते म्हणतात, या, या.

त्याहून मजेदार गोष्ट २०२१ मधली आहे. ॲडम मास्त्रोयानी आणि मंडळींनी अनोळखी माणसांच्या जोड्यांना बोलायला बसवलं आणि नंतर प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, तुम्हाला हे कधी संपायला हवं होतं? दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं शंभरात जेमतेम दोन निघाली. बऱ्याच जोड्यांत तर दोघांनाही आधीच उठायचं होतं. दोघंही एकमेकांच्या भिडेपोटी बसून राहिले. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. माझ्या मनात एक शंका आली आहे, ती लिहिते आणि पुढे जाते: काकांचा गुडघाही अर्धा तास जिन्यात उभं राहून दुखत असेल. तेही मनात म्हणत असतील, ही बिचारी टेकून उभी राहते रोज, हिला कसं तोडायचं मध्येच.

तेव्हा इशारे बंद, सांगणं सुरू. आणि शेवटी नको, सुरुवातीला. ‘काका, नमस्कार. आज पाचच मिनिटं हं, मुलगा वाट बघतोय.’ हे वाक्य त्यांचं पहिलं वाक्य सुरू व्हायच्या आधी गेलं पाहिजे. एक पाय वरच्या पायरीवर. पिशव्या खाली ठेवायच्या नाहीत, कठड्याला हात लावायचा नाही. ते म्हणतील, ‘अगं एकच मिनिट, काल डॉक्टर काय म्हणाले माहितीय...’ ऐका. खरंच ऐका, डोळ्यांत बघून. मनात घड्याळ बघत ऐकलेल्या अर्ध्या तासापेक्षा हे बरं, त्यांनाही. मग पाच मिनिटांनी त्यांच्या वाक्यात फट पडायची वाट न बघता, ‘काका, निघते. बाकीचं परवा.’ आणि पाय उचला. बोलून झाल्यावर उभं राहायचं नाही, तिथेच सगळे फसतात. आपल्या भाषेत तर ‘जाते’ म्हणायच्या ऐवजी ‘येते’ म्हणून निघायची सोय आहे. परत भेटायचं कबूल करत करत सुटता येतं. वापरा ती.

पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा उतरेल. तुम्हाला दोन मजले अपराधी वाटेल. दुसऱ्या दिवशी ते कदाचित तुटक बोलतील. आठवडाभराने ते स्वतःच म्हणायला लागतील, ‘पाच मिनिटं आहेत का गं?’ याची हमी मी देत नाही. काही माणसं रुसतात आणि रुसलेलीच राहतात, माझ्या त्या वरच्या मजल्यावरच्या मुलासारखी. पण तुम्हाला रोज संध्याकाळी जिन्याचं दार दिसताच जो गोळा येतो पोटात, तो जाईल, कारण किती वेळ थांबायचं हे आता तुम्ही ठरवलेलं असेल.

काका मनापासून आवडत असतील तर एक करा, सुट्टीच्या दिवशी सकाळी अर्धा तास त्यांच्याकडे जाऊन बसा, बसून, खुर्चीवर. आवडत नसतील तर जाऊ नका. एकटं आहे म्हणून एखाद्या माणसाला वेळ द्यायचा आणि घरी येऊन मुलावर ओरडायचं, यात काकांवर उपकार झाले असं मला वाटत नाही.

जाऊबाईंबद्दल थोडक्यात. त्यांना काही सांगायला जाऊ नका. पेन बदलता येतं, जिन्यातली वेळ ठरवता येते. ‘माझं तुझ्यापेक्षा जास्त’ हा स्वभाव पन्नाशीत कुणाच्या सांगण्याने बदललेला मी पाहिलेला नाही. तिथे बटण वेगळं आहे. ताप आला की तुम्हाला हवं असतं, ‘अगं बाई, काळजी घे.’ तेवढं एक वाक्य. ते त्यांच्याकडे नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही मात्र दर वेळी पोहरा सोडताय आणि रिकामा आला की रडताय. तापाची बातमी मैत्रिणीला द्या. जाऊबाईंना टायफॉइडचं विचारा, की तेव्हा किती दिवस लागले हो बरं व्हायला? त्यांना सांगायचंच आहे, तुम्हाला फक्त ऐकायचं आहे, आणि स्पर्धा तुम्ही लावलीच नाहीत तर त्या जिंकणार तरी कुणाविरुद्ध! हे लबाडीचं वाटलं तर वाटू दे. घरगुती शांततेत थोडी लबाडी चालते.

मैत्रिणीच्या फोनवर तुम्हाला राग येईल असं काही सांगणार आहे. ‘मन मोकळं केलं की राग जातो’ हे आपण सगळेच धरून चालतो. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये याची परीक्षा घेतली. चिडवलेल्या माणसांना मुष्टियोद्ध्यांची पिशवी बडवायला दिली. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत ज्यांनी पिशवी बडवली त्यांचा राग उलट सगळ्यांत जास्त राहिला. जे काहीच न करता नुसते बसले होते ते जास्त निवळले. तुम्ही रोज रात्री तीच पिशवी बडवताय, फक्त तोंडाने. दिवसभराचा विझत आलेला राग फुंकर घालून पुन्हा पेटवायचा आणि उशाशी घेऊन झोपायचं. मैत्रीण सोडू नका, अशी रोज ऐकणारी कुठे मिळते! तिला फक्त सांगा की ‘काय गं, आज काकांनी काय केलं?’ असं विचारू नकोस, ‘आज तू काकांना काय म्हणालीस?’ असं विचार. पहिले दोन दिवस तुमच्याकडे उत्तर नसेल. मग द्यावं लागेल म्हणून तुम्ही जिन्यात बोलाल.

नवऱ्याची बाजूही घेते थोडी. दुर्लक्ष कर हा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. रांगेत पुढे घुसलेला, प्रवासात मोबाइलवर मोठ्याने काहीतरी लावून बसलेला, जो उद्या पुन्हा दिसणार नाही, त्याच्यासाठी तो उत्तम आहे. त्याची ॲलर्जी व्हायला वेळच मिळत नाही. जे रोज दिसणार आहेत त्यांच्याबाबतीत मात्र नवऱ्याला म्हणा, पुढच्या वेळी ‘दुर्लक्ष कर’ म्हणण्याऐवजी जिन्यात माझ्या हातातली एक पिशवी घ्यायला ये. दोघं असलं की काकांची पकडही सुटते.

हे सगळं उद्यापासून. आज रात्री एकच काम आहे. मुलगा त्या दिवशी काही न बोलता दप्तर उचलून आत गेला, असं तुम्ही लिहिलंत. मुलं अशा वेळी कारण शोधतात आणि बहुतेक वेळा त्यांना ते स्वतःत सापडतं. आपण कंपासपेटी नीट ठेवत नाही म्हणून आई ओरडली, असं तो धरून बसला असेल. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि सांगा की ‘त्या दिवशी मी तुझ्यावर चिडले नव्हते. मला दुसऱ्यांचा राग आला होता, त्यांना बोलता आलं नाही आणि तू समोर आलास. चुकलं माझं.’ काकांचं नाव घ्यायची गरज नाही. आणि पेटी सापडली का, तेही विचारा.

तुमची,
ताई